नऊ जणांचा बाक

४ सप्टेंबर

ति. दादास,

सा. न. वि. वि. यातला साष्टांग या खेपेला रीत म्हणून घातलेला नाही. खरोखर पालथा पडून लिहितोय, भुशात, कारखान्याच्या मागच्या खोलीत. मी एक गाढवपणा केलाय.

सरळच सांगतो. तुझ्या क्लबच्या चिटनीसाच्या नावानं मी आप्पांना खोटं पत्र लिहिलं.

आधी राग गिळ, मग पुढचं वाच. तुझ्या मागच्या पत्राला क्लबचा एक छापील कोरा कागद चुकून चिकटून आला होता. कोरा कागद आणि मी एका छपराखाली असू नये असं आई उगाच म्हणत नाही. त्या पत्रात तू लिहिलं होतंस, ‘यंदा बहुतेक बाकावरच आहे.’ आई वाचून दाखवत होती. तुझं पत्र वाचायला घेतलं की आप्पा हमखास करवतीला धार लावायला बसतात, म्हणजे आपण ऐकतोय असं कोणाला वाटायला नको. त्या दिवशी कानस थांबली. म्हणाले, बाकावर म्हणजे काय? मी म्हणालो, म्हणजे मोठा मान, आप्पा. पळापळ करायला पोरंटोरं असतात, बाकावर निवडक माणसं बसतात, थेट कोचच्या मांडीला मांडी लावून. (यात खोटं काय आहे सांग.) मग त्यांनी विचारलं, बाक कुठल्या लाकडाचा आहे?

दादा, तेरा वर्षांत तुझ्या बास्केटबॉलबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, लाकूड कसलं, प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. त्यांचं तोंड असं झालं, की तू चोरी करताना सापडलास असं ऐकलं असतं तरी बरं वाटलं असतं.

तुला आई हे लिहीत नाही, मी लिहितो. समोर तयार फर्निचरचं चकाचक दुकान निघाल्यापासून आपल्याकडे काम उरलेलं नाही. मार्चपासून आप्पा दारात बसून समोरच्या कपाटांचे पाय कधी मोडतात याची वाट बघतात. कानावरची पेन्सिलसुद्धा काढून ठेवली. तो कान मोकळा बघवत नाही रे. म्हणून म्हटलं, जरा गंमत करू. लिहिलं की, आपल्या चिरंजीवांकडून आपल्या हाताची कीर्ती ऐकली, प्लास्टिकनं आमच्या खेळाडूंच्या पाठी कामातून गेल्या, तरी एक लाकडी बाक करून द्यावा. खाली ऐटीत सही ठोकली. मला वाटलं वाचतील, दोन शिव्या हासडतील, मी पळेन, आई हसेल, झालं.

आप्पांनी ते दोनदा वाचलं. घडी करून खिशात ठेवलं. आणि पेन्सिल शोधायला लागले.

पेन्सिल कानावर चढली. आता खरं सांगायची कोणाची छाती आहे? माझी तर नाही, बनियनसुद्धा सैल होतो. तेव्हा दोन कामं कर. एक, मापं पाठव, आप्पा रोज विचारतात. दोन, बाक येईल तेव्हा तुझ्या क्लबनंच मागवलाय असं तिथल्या लोकांना वाटेल असं काहीतरी बघ. कसं ते मला विचारू नकोस, डोक्याची कामं मोठ्यांची.

लोभ होता तेवढा तरी शिल्लक ठेव, वाढवायचं नंतर बघू.

तुझा,
टाचणी


१२ सप्टेंबर

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद. हे शिव्यांच्या जागी लिहिलंय, पत्र आईच्या हाती पडू शकतं म्हणून. मोजून वीस आशीर्वाद आहेत, त्यातले चार बसड्रायव्हरकडून शिकलेले.

तुला कळतंय का तू काय केलंस? नसेल तर ऐक. हा माझा अकरावा क्लब. पहिला बुडाला, दुसऱ्यानं मला विकलं, तिसऱ्याची बस मला पेट्रोल पंपावर विसरून गेली आणि परत न्यायला आलीच नाही, तेव्हा कळलं की काढून टाकलंय. जर्सीवर नाव छापून घ्यायचं मी पाचव्या क्लबातच सोडलं, शाई तरी वाचते. आता चौतिसावं चालू आहे. उडी मारली की गुडघा कुरकुर वाजतो, समोरच्या संघाला आधीच कळतं. इथला कोच आहे त्याला आम्ही भोंगा म्हणतो. तो मला ‘फर्निचर’ म्हणतो. फर्निचर! आणि तू त्याच्याकडे माझ्या बापाच्या हातचं फर्निचर पाठवतोयस.

जानेवारीत यादीतून एक नाव कापणार आहेत. कोणाचं ते मैदान झाडणाऱ्या बाईंनाही माहीत आहे, हल्ली त्या माझ्याशी फार मायेनं बोलतात. या वयात बारावा क्लब मिळत नाही. मग घरी यायचं. मी घरातून निघताना आप्पांनी सांगितलं होतं, चेंडू आपटून कोणाचं भलं झालंय? तेरा वर्षं आपटून आलो, तुमचंच खरं, असं त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं. तोवरचे चार महिने मला गुपचूप बसू दे, एवढंच मागणं होतं.

तेव्हा आप्पांना आजच्या आज खरं सांग. मार खायचा तर खा, मागे मऊ भुसा आहेच.

तरीही नाहीच सांगितलंस तर (मी तुला एकवीस वर्षं ओळखतो) मापं अशी: पाच जण आत खेळतात, बाहेर सात खेळाडू, भोंगा आणि मालिशवाला. म्हणजे बसणारे नऊ. माणशी दोन फूट रुंदी, भोंग्याला पण दोनच, त्यानं आवरून बसावं. उंची बावीस इंच. आमचे पाय लांब आहेत, साध्या उंचीवर बसलं की गुडघे कानाला लागतात.

आणि गाढवा, तो शब्द चिटणीस असा लिहितात. चिटनीसाला कोणी नोकरीवर ठेवलं नसतं.

आईला नमस्कार. तुला जे मिळायला हवं ते मिळो.

तुझा दादा,
शिडी


३० सप्टेंबर

ति. दादास,

सा. न. वि. वि. खरं सांगायला मी गेलो होतो, आईशपथ. चहा घेऊन गेलो, समोर उभा राहिलो, घसा साफ केला. आप्पांनी वर न बघता सांगितलं, तो गुण्या दे, काटकोन तपासायचाय. मी दिला. गुण्या देऊन झाल्यावर खरं बोलायला कुठून सुरुवात करायची ते तूच सांग.

त्या कोऱ्या कागदाचा खालचा अर्धा मी शहाणपणानं राखून ठेवला होता. त्यावर मापांची चिठ्ठी केली: बसणारे नऊ, माणशी दोन फूट, उंची बावीस इंच, सही चिटनीस. पत्र टपालात आलं म्हणून हातात दिली. तुझी दुरुस्ती नंतर आठवली, पण तोवर चिठ्ठी खिशात गेली होती.

आता बसून वाच. माळ्यावरच्या त्या दोन जाड फळ्या आठवतात? तू जन्मलास तेव्हा आप्पांनी तुझ्या कामाच्या टेबलासाठी बाजूला काढलेल्या. त्यावर तू रंधा मारणार होतास, मोठा सुतार होणार होतास, पण तू शिडी झालास. तेरा वर्षं त्यांना कोणाला हात लावू दिला नाही. एकदा मी त्यावर वाळत टाकलेला टॉवेलसुद्धा त्यांनी खाली फेकला होता. त्या खाली उतरवल्या. मी म्हणालो, आप्पा, या? म्हणाले, मग काय समोरच्या दुकानातला भुशाचा पुठ्ठा लावू? आई तेवढ्यात डोळ्यात भुसा गेला म्हणून आत गेली. भुसा तेव्हा उडत नव्हता.

एक मजा झाली. बाकावर बसणारा माणूस नक्की करतो काय, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून शाळेच्या मैदानावर गेले, पोरांची मॅच चालू होती तिथे. फूटपट्टी घेऊन. त्या बाकावरच्या पोरांना उठवून बाक मोजला, पोरांना वाटलं जप्ती आली. मग पीटीच्या मास्तरांशी तासभर बोलत होते. आप्पा! तासभर! जेवताना मला विचारलं, तुझा दादा बसतो म्हणजे पूर्ण वेळ बसतो? मी म्हणालो, मान मोठा आहे ना. ते हं म्हणाले आणि ताक मागितलं.

मग मला कारखान्यात फिरकू दिलं नाही. अख्खा बाक एकट्यानं केला. एकही खिळा नाही, सगळं खाचेत बसवलेलं, ट्रकसाठी दोन तुकडे होतात आणि तिथे नेऊन ठोकले की एक. मला फक्त पॉलिशला बोलावलं. दादा, हात फिरवला तर मांजराच्या पाठीवर फिरवल्यासारखं वाटतं. काल ट्रकमध्ये चढवला. समोरच्या दुकानाचा मालक पायरीवर येऊन बघत होता. आप्पांनी त्याच्याकडे बघून फक्त पेन्सिल सरळ केली.

वाटेत ओरखडे नकोत म्हणून गुंडाळायला कापड हवं होतं. आईनं ट्रंकेतून तुझ्या जुन्या जर्स्या दिल्या. सगळ्याच्या सगळ्या. आता मी पळतो.

माया पातळ करू नये,
टाचणी


२० ऑक्टोबर

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद, या वेळी निम्मे खरे.

बाक आला. सरावाच्या मधोमध, दोन हमालांच्या खांद्यावर. क्लबनं मागवलाय असं भासवायची मी काय तयारी केली होती? कपाटामागे लपलो होतो. पण भोंग्यानं ‘फर्निचर’ म्हणून हाक मारली, तेव्हा कोणाला बोलावतोय तेच कळेना, म्हणून बाहेर आलो. खऱ्या चिटणीसाला मी सांगितलं की वडिलांनी संघाला भेट पाठवलीय. ते एवढे खूष झाले की कोणी मागवलं वगैरे विचारायचंच राहिलं.

मग पोरांनी गुंडाळलेलं सोडायला घेतलं. आधी पिवळी जर्सी निघाली, मग हिरवी, मग ती जांभळी, जिच्यावर माझ्या आडनावातलं एक अक्षरच पडलं होतं. एकेक उलगडताना विचारतात, हा कुठला क्लब? मी म्हणतो, बुडाला. हा? याच्या हॉलमध्ये आता भाजीचं गोदाम आहे. हसून हसून लोळली कार्टी. मग एकेकानं एकेक चढवली आणि अख्खा सराव माझ्या आयुष्यात खेळले. हसावं की रडावं कळेना, म्हणून पाणी प्यायलो.

बाक मांडला. टाचणी, मी अकरा क्लबांच्या बाकांवर बसलोय. मला हा विषय कळतो. असा बाक कुठे नाही. भोंग्यानं बूड टेकलं आणि पंधरा मिनिटं ओरडलाच नाही, मालिशवाल्याला वाटलं गेला.

आणि मग सगळे बसले. एक, दोन, तीन करत आठ. नववा मी. जागा नाही. सरकून बघितलं, दाटीवाटीनं बघितलं. भोंगा म्हणाला, बाक सोळा फुटांचा आहे. अरे टाचणी, नऊ दुणे अठरा, गाढवा! दुसरीतलं पोर सांगेल! तीनदा गणितात नापास झालास तेव्हा मी आईला म्हणालो होतो, याला पॉलिशला लावा. तुझ्या एका आकड्यापायी माझ्या बापाच्या बाकावर मलाच जागा नाही.

मग बाजूला खुर्ची टाकायची ना, असं तू म्हणशील. त्याच दिवशी संध्याकाळची मॅच आम्ही जिंकलो. सलग सहा हरल्यावर. आता खेळाडू म्हणजे कसली जात ते तुला माहीत नाही, जिंकलेल्या दिवशीचे मोजे महिनाभर धूत नाहीत. भोंग्यानं फर्मान काढलं, जसं होतं तसंच राहील, खुर्ची आणणाऱ्याचे पाय मोडीन. नियमानं बाकापाशी एकालाच उभं राहता येतं, तो मान कोचचा. भोंग्याचं गुडघ्याचं दुखणं माझ्याहून जुनं आणि आता बाक सोडवत नाही, तर त्यानं तो मान माझ्या गळ्यात मारला. म्हणून मी उभा. भर हॉलमध्ये, दीड-दोन तास, दिव्याच्या खांबासारखा.

उभ्या माणसाला काहीतरी करावं लागतं. भोंगा खालून शिव्या देतो. पोरांना त्यातल्या फक्त शिव्या ऐकू येतात. तर मी आता त्यातला बास्केटबॉल वेगळा काढून आत सांगतो. ‘अमक्याच्या तमक्या’ म्हणजे डावीकडे पाठ उघडी टाकू नकोस. तांदूळ निवडण्यासारखंच आहे, खडे फार.

आप्पांना सांग, बाक फार सुंदर झालाय. जागेचं सांगू नकोस, त्यांना लागेल.

तुझा गणितानं मारलेला,
दादा


१ नोव्हेंबर

ति. दादास,

नमस्कार. या वेळी उभ्यानंच, तुझ्याकडे आता उभं राहायचीच पद्धत आहे असं ऐकतो.

मी नऊ लिहिलं होतं! माझ्या हातानं लिहिलं होतं. मी लिहायला सरळ नसेन, पण नऊ आणि आठ यांतला फरक मला कळतो, एकाच्या पोटात हवा आहे. तुझ्या पत्राचं चिटणीसवालं पहिलं पान मी वेळीच लपवलं, पण दुसरं आईनं मोठ्यानं वाचलं, जागेचं सुद्धा. मी खुणा करत होतो, पण आईला वाटलं मला डास चावतायत. आप्पांनी ऐकलं. मी म्हणालो, आप्पा, चिठ्ठीत नऊ होतं की नाही? ते करवतीकडे बघत म्हणाले, तीनदा नापास झालेल्या पोराच्या घरात आलेली चिठ्ठी, आकडा वाटेतच बिघडला असेल.

आई हसली. समोरच्या दुकानातला पोऱ्या हसला. आता गल्लीत मला ‘सोळा फुटी’ म्हणतात. दादा, मी आयुष्यात शंभर गोष्टी केल्या आणि नव्वदांसाठी मार खाल्ला नाही, हे मान्य आहे. पण जी केलीच नाही तिच्यासाठी बदनाम होणं फार लागतं.

पेन्सिल मात्र कानावर आहे. दोन खाटा आणि शाळेचे तीन बाक यांची ऑर्डर आलीय, पीटीच्या मास्तरांकडून.

जीव लावत जा, मोजून का होईना,
टाचणी


८ जानेवारी

ति. आप्पांच्या चरणी,

शि. सा. न. तेरा वर्षांत तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं. आजही फारसं कळत नाही, पण बातमी आहे आणि ती आधी तुम्हाला कळावी.

काल यादीतून माझं नाव कापलं. खेळाडू म्हणून माझं संपलं. मी बॅग भरायला घेतली होती. मग आमच्या कोचनी खोलीत बोलावलं आणि म्हणाले, खेळाडू बरेच मिळतात, पण मी काय ओरडतोय ते पोरांना कळायला लागल्यापासून आपण चौदापैकी अकरा मॅच जिंकलोय. तू उभा राहतोस तिथेच राहा. मला तीन वर्षांसाठी सहायक कोच केलंय. आप्पा, सलग तीन वर्षं मी आजवर कुठल्याच गावात राहिलेलो नाही. खोलीला पडदे घ्यावेत म्हणतोय.

हे सगळं मी उभा राहिलो म्हणून झालं. उभा राहिलो कारण बाकावर जागा नव्हती. चूक टाचणीची, पण त्याला फार बोलू नका.

आता एक विनंती. क्लबला बाक अतिशय आवडलाय. ते विचारतात, तशाच लाकडाची आणखी एका माणसाची जागा जोडून मिळेल का? सहायक कोचला आता हक्कानं बसता येतं. तुमच्या हातच्या बाकावर एकदा तरी बसावं असं मनात आहे.

आईला नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा,
थोरला


१७ जानेवारी

ति. दादास,

सा. न. वि. वि. पुन्हा पालथा पडलोय, पण या वेळी माझं काही चुकलेलं नाही म्हणून. पहिलीच वेळ आहे, सवय नाही.

तुझं पत्र आप्पांनी स्वतः फोडलं, स्वतः वाचलं, आईला दिलं नाही. तीनदा वाचलं, मी दाराच्या फटीतून मोजलं (आणि बरोबर मोजलं). मग खिशात ठेवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, त्याला कळव, जागा जोडून मिळणार नाही. आई म्हणाली, अहो, पोरानं कधी नव्हे ते काही मागितलंय. ते म्हणाले, म्हणूनच.

मला काही कळेना. दुपारी ते शाळेत बाक पोचवायला गेले तेव्हा मी पॉलिशचं फडकं शोधत त्यांच्या हत्यारांच्या पेटीत हात घातला. फडकं नव्हतं. तळाशी माझी चिठ्ठी होती. दादा, त्यावर लिहिलंय ‘बसणारे नऊ’. नऊ! पोटात हवा असलेलं, गुबगुबीत, माझ्या हातचं! आणि त्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीनं काट मारून शेजारी लिहिलंय, आठ.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. खाली माझ्या सहीतला ‘चिटनीस’ होता, त्यातला न खोडून वर ण काढलाय. व्यवस्थित, फूटपट्टी लावल्यासारखा. म्हणजे चिटणीस कोण ते त्यांना माहीत होतं. कधीपासून माहीत होतं ते विचारायची माझी हिंमत नाही आणि ते सांगणार नाहीत.

पण आठाचं मी विचारलं. आले तसे चिठ्ठी समोर धरली आणि म्हणालो, गल्लीत मी तीन महिने सोळा फुटी म्हणून फिरतोय, हे काय आहे? आप्पांनी आधी चपला काढल्या. पाणी प्यायले. मग म्हणाले, मास्तरांनी मला सांगितलं बाकावर बसणं म्हणजे काय ते. जागा करून दिली की माणूस बसतो. तुझ्या दादाला तेरा वर्षं सगळ्यांनी जागा करून दिली. मी पण दिली असती, तर माझ्यात नि त्या प्लास्टिकात फरक काय?

मी म्हणालो, आणि तो नुसताच उभा राहिला असता, लोक हसले असते, तर? तेव्हा त्यांनी अंगठ्यानं रंध्याचं पातं चाचपलं. म्हणाले, तर त्याला घरी ये म्हणून लिहायला तू होतासच की, चिटणीस.

आता नवव्या जागेचं ऐक. ती कापली तेव्हा फेकली नव्हती. माळ्यावर फडक्यात होती. आज तिला पाय लावून झाले. दोन फूट रुंद, बावीस इंच उंच, एकाच माणसाचं बाकडं. कारखान्यात दाराशी ठेवलंय, त्यांच्या खुर्चीशेजारी. मी बसून बघितलं, माझे पाय पोचत नाहीत. आईचे तर वीतभर वर लोंबतात. आई म्हणाली, हे कोणाच्या कामाचं? आप्पा म्हणाले, असू दे, गिऱ्हाईक सुट्टीत येईल.

तेव्हा सुट्टीत ये आणि काही माहीत नसल्यासारखा बस. दादा, हात जोडतो, पाया पडतो, हे कोणाला म्हणजे कोणाला सांगू नकोस. भोंग्याला नको, मैदान झाडणाऱ्या बाईंना नको, आईला तर नकोच, ती पत्रं मोठ्यानं वाचते. आणि आप्पांना तुला कळलंय याचा वाससुद्धा येऊ देऊ नकोस, मी तोंड उघडणार नाही म्हणून रंध्यावर हात ठेवून शब्द दिलाय, तो देऊन अजून तासही झालेला नाही. कोणी विचारलंच तर सांग, बाक आखूड झाला कारण टाचणीला नऊपर्यंत मोजता येत नाही.

लोभ असाच ठेव, पण तोंड बंद ठेव,

तुझा,
सोळा फुटी